पिठाची पिशवी आणि निळं पुस्तक

लिपोव्होत कुणालाही विचारा, त्सोन्का कोण? लगेच सांगतील, वाचनघरातली ती, पिठाला खेळवणारी. सांगताना हसतील. हसोत बापडे. बावीस वर्षांपूर्वी मीही हसले होते, आणि हसण्याआधी तिच्यावर ओरडले होते.

मी इथली नव्हे, डॅन्यूबकाठची. सुईण म्हणून इथल्या दवाखान्यात बदलून आले, आणि दुसऱ्याच दिवशी लसीकरणाचं पत्रक लावायला चौकापलीकडच्या वाचनघरात गेले. आत कपाटांच्या मधल्या बोळातून एक उंच, वाळकी बाई फेऱ्या मारत होती. डाव्या हातावर टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी, उजव्या हातात उघडं पुस्तक, आणि नजर पुस्तकात. त्या गुंडाळीचं एक टोक हाताखाली लोंबत होतं.

"अगं, मान धर! मान!" मी दारातूनच किंचाळले. "कुठली आई तू, काही अक्कल आहे का नाही?"

ती वळली. घाबरली नाही, रागावलीही नाही.

"पिठाला मान नसते, बाई," ती म्हणाली आणि टॉवेल बाजूला करून दाखवला. एकेक किलोचे तीन पुडे, सुतळीनं एकत्र बांधलेले.

माझी अशी जिरली! पण माझं तोंड ते माझं तोंड. मी विचारलं, "वेड लागलंय की पाव भाजायचाय?"

"नवीन पुस्तक आलंय, पहिलटकरणींसाठी. एका हातात मूल असताना दुसऱ्या हातानं त्याचं पान उलटतं का, ते बघतेय." तिनं पुस्तक मिटलं. "नाही उलटत. फार जाड आहे, आणि उघडं टाकलं की आपलं आपण मिटतं. मूल अंगावर पीत असताना हे पुस्तक काय कामाचं?"

त्या दिवसापासून आमची मैत्री आहे, म्हणजे भांडण आहे. रोज दुपारी मी दवाखाना बंद करून तिच्याकडे कॉफी प्यायला जाते, आणि रोज कशावरून तरी आमचं वाजतं.

सुरुवातीला मला तिचा रागच यायचा. बाळंतपणं मी करणार, टाके मी घालणार, आणि बायका जाऊन विचारणार कुणाला, तर त्सोन्काला! पोटुशी बाई दवाखान्यातून निघाली की थेट चौक ओलांडून तिकडे. आणि ही कोण? स्वतःच्या घरात कधी पाळणा हलला नाही, नवरा सोफियाला गेला तो तिकडचाच झाला. बाहेरगावच्या म्हाताऱ्या दवाखान्यात म्हणायच्या, वांझेला काय ठाऊक प्रसूतीच्या वेणा! खरं सांगते, एकदोनदा मीही मान डोलावली. आज लाज वाटते.

पण मग मी तिचं काम बघितलं. एवढ्या चिकाटीनं मी माझी अवजारंही कधी निवडली नाहीत.

नवीन पुस्तक आलं की पहिल्यांदा पिठाची परीक्षा. मग पहिली दहा पानं वाचून त्यात 'करू नये', 'होता कामा नये' किती वेळा आलंय ते मोजायची. फार झालं की पुस्तक खालच्या फळीवर. म्हणायची, "पहिलटकरणीला ओरडणारे घरात आधीच चारपाच जण असतात. पुस्तकानं आणखी कशाला ओरडायचं?" मग शेवटची सूची बघायची. मूल रडतं, तर 'रडणं' हा शब्द सूचीत आहे का? ताप किती चढला की डॉक्टरकडे पळायचं, ते एका ओळीत स्पष्ट लिहिलंय का? लिहिणाऱ्यानं सगळीच मुलं सारखी धरलीत, की एखादं मूल उशिरा बसतं, उशिरा रांगतं, हे त्याला माहीत आहे? आणि छापल्याचं साल. हा नियम माझा. मीच तिला बजावलं होतं, औषधपाण्याचं पुस्तक दहा वर्षांपेक्षा जुनं असेल तर तळघरात टाक, डॉक्टर लोक दर दहा वर्षांनी आधीचं खोटं ठरवतात. तिनं तो नियम अक्षरशः पाळला. दर जानेवारीत ती जुनी पुस्तकं खोक्यात भरून खाली न्यायची आणि दिवसभर कुणाशी बोलायची नाही.

शिवाय एकाला लावलेलं माप ती दुसऱ्याला लावायची नाही. उलट्यांनी हैराण झालेली आली की तिला पातळसं, चित्रांचं. जुळी असतील तर वेगळं. नवरा सोबत आला असेल तर त्याच्या हातात वेगळं पुस्तक द्यायची आणि सांगायची, "हे तू वाचायचंस, तिला वाचून दाखवायचं नाहीस." परत आलेलं पुस्तक ती टेबलावर उभं धरून सोडून द्यायची. पुस्तक आपलं आपण कुठल्यातरी पानावर उघडायचं. "हे बघ गिनका," म्हणायची, "एकसष्ट नंबरचं पान. सगळ्या बायका इथंच अडतात." पहिल्या महिन्यातल्या दुधाचं पान होतं ते. त्यावर डाग पडलेले, कोपरे दुमडलेले. एरवी कोपरा दुमडलेला दिसला की दंड करणारी ही बाई, त्या पानाला मात्र काही म्हणायची नाही.

आणि तिची सगळ्यात मोठी हुशारी वेगळीच होती. आमच्याकडे मूल जन्माला येईपर्यंत त्याच्यासाठी काही विकत आणत नाहीत. टोपडं नाही, पाळणा नाही, काही नाही. मग 'बाळाचं पहिलं वर्ष' असं नाव छापलेलं पुस्तक पोटुशी बाई घरात आणणार कशी? सासू दारातच उभी! तर त्सोन्का काय करायची, पुस्तक जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळायची, वर वाचनघराचा गोल शिक्का मारायची आणि सांगायची, "हे तुझं नाही, वाचनघराचं आहे. तू काही विकत आणलेलं नाहीस. कुणी विचारलं तर शिक्का दाखव." सासवा शिक्का बघायच्या आणि दारातून बाजूला व्हायच्या. बाई, अर्धं गाव या शिक्क्यावर शिकलं.

तर, नेवेना.

नेवेना भूमापन कचेरीत कामाला. लोकांच्या शेताच्या हद्दी मोजायची, कागदावर आखायची. कागदावर आहे ते खरं, बाकी सगळी बडबड, अशा स्वभावाची. नवरा जर्मनीत मालाचा ट्रक चालवायचा, घरी ही आणि सासू, रायना. एकदा तिसऱ्या महिन्यात गर्भ पडलेला होता, त्यामुळे या खेपेला ती इतकी जपून चालायची की बघणाऱ्याला धाप लागावी. आठव्या महिन्यात ती वाचनघरात आली. मी तिथंच होते, कॉफी पीत.

त्सोन्कानं तिच्यासाठी आधीच काढून ठेवलं होतं, पांढऱ्या पुठ्ठ्याचं, एकसष्ट पानावर उघडणारं. नेवेनानं ते हातात घेतलं, चाळलं आणि खाली ठेवलं.

"मावशी, हे तुम्ही सगळ्यांना देता. मला एक सांगा, तुम्ही स्वतःसाठी घ्यायचं असतं तर कुठलं घेतलं असतं?"

त्सोन्कानं कॉफीचा कप खाली ठेवला. मला वाटलं, झालं, या पोरीनं नको तिथं बोट ठेवलं. पण त्सोन्का उठली, आपल्या टेबलाचा खालचा खण उघडला आणि आतून एक निळं पुस्तक काढलं. कापडी बांधणी, नवंकोरं दिसणारं. वर्तमानपत्रात गुंडाळून शिक्का मारला आणि नेवेनाला दिलं. पांढरं पुस्तक टेबलावरच राहिलं. मी काही विचारलं नाही. माझ्यासारख्या भोचक बाईनं त्याच दिवशी नेमकं तोंड मिटून बसावं, याला काय म्हणायचं!

सप्टेंबरात नेवेनाला मुलगी झाली. तीन किलो दीडशे ग्रॅम, आवाज खणखणीत. आजीच्या नावाचं पहिलं अक्षर घेऊन रालित्सा नाव ठेवलं, म्हणजे आजीही खूश आणि नावही नवं. मग दार लागलं. चाळीस दिवस बाळंतीण बाहेर पडत नाही, परकं माणूस आत येत नाही, बाळंतिणीच्या खोलीतली वस्तू उंबरठ्याबाहेर जात नाही. सुईण तेवढी जाते, तीही पायपुसण्यावर तीनदा पाय घासून. रायनाच्या घरात तर हे सगळं आणखी कडक.

सोळाव्या दिवशी मी काटा घेऊन गेले. पोर ठेवली काट्यावर, उचलून परत ठेवली. दोन किलो नऊशे. जन्मली त्याहून कमी. हातपाय काटक्या, आणि सारखी झोपेत. झोपाळू मूल बघून घरचे खूश होतात, मी होत नाही.

"किती वेळा पाजतेस?"

नेवेनानं भिंतीकडे बोट दाखवलं. आलेखाचा कागद, त्यावर पट्टीनं आखलेले रकाने. सहा, नऊ, बारा, तीन, सहा, नऊ, बारा. एकेका बाजूला दहा मिनिटं. मधे रडली तर चमचाभर कॅमोमाइलच्या फुलांचं उकळलेलं पाणी. रात्री बारा ते सहा काही नाही, 'पोटाला विश्रांती'.

"हे कुठून आणलंस?"

"पुस्तकातून." उशीखालून तिनं निळं पुस्तक काढलं.

मी साल बघितलं आणि माझं डोकंच फिरलं. नेवेनाच्या आईच्या काळातलं! तेव्हा प्रसूतिगृहात मुलं एका खोलीत, आया दुसऱ्या खोलीत, आणि घंटा झाली की ट्रॉलीवरून मुलं यायची पाजायला. ते सगळं कधीच मोडीत निघालं. मी ओरडले. काय काय ओरडले ते लिहीत नाही. कचऱ्यात टाक म्हणाले, चुलीत घाल म्हणाले. पोर मागेल तेव्हा पाज, दहा वेळा, बारा वेळा, घड्याळ भिंतीवरून उतरव म्हणाले.

नेवेना रडायला लागली. पण पुस्तक तिनं छातीशी धरलं.

"ताई, तुम्ही एक सांगता. माझी आई फोनवर दुसरं सांगते. शेजारीण सांगते माझं दूध पातळ आहे. हे पुस्तक रोज तेच सांगतं. आणि ते ओरडत नाही."

"अगं, पण पोर वाळतेय!"

"मग माझंच दूध कमी असेल. पुस्तकाप्रमाणे मी एक मिनिट चुकवलेलं नाही." हुंदके देत ती म्हणाली, "त्सोन्कामावशींनी स्वतःसाठी ठेवलेलं पुस्तक आहे हे. त्या चुकीचं देतील?"

रायना दारात येऊन उभी राहिली. "गिनका, बाळंतिणीपुढे आवाज चढवू नये, दूध आटतं. आणि पुस्तकात काय वाईट आहे? आम्हीही घड्याळावरच वाढवली की मुलं. ऊठ आता."

डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, शुक्रवारपर्यंत बघू. वजन वाढलं नाही तर बाटलीचं सुरू करायचं, आणि तरी नाही वाढलं तर जिल्ह्याच्या दवाखान्यात. बाटलीचं मला वावडं नाही, गरज पडली तर बाटलीनंही मुलं चांगली वाढतात. पण नेवेनाला अंगावर पाजायचं होतं, फार मनापासून. आणि तिनं मनात पक्कं केलं होतं की दोष तिच्या दुधात आहे. त्यात ती मिटून गेली असती, हे मला दिसत होतं. दिवस होता मंगळवार.

मी तशीच वाचनघरात गेले. काटासुद्धा खाली ठेवला नाही.

"काय दिलंस तू त्या पोरीला? बाकी पुस्तकांचं साल बघतेस, याचं बघितलंस का? पोर वाळतेय तिथं, तीन तासांच्या वेळापत्रकावर!"

त्सोन्का कार्डं लावत होती. ती थांबली.

"निळं?" एवढंच विचारलं.

"निळंच! कुठून आणलंस ते भूत?"

तिनं कार्डं तशीच टाकली. पांढरं पुस्तक उचललं, पिशवीत टाकलं, दाराला 'बंद आहे'ची पाटी लावली. बावीस वर्षांत ती पाटी मी पहिल्यांदा बघितली. आणि ती चालायला लागली, मी मागे.

रायनाच्या फाटकाशी पोचलो तर रायना अंगणात मिरच्या भाजत होती. सप्टेंबरात अख्खं गावच मिरच्या भाजत असतं. त्सोन्काला बघून ती चिमटा हातात घेऊनच पुढे आली.

"तू नको आत येऊस, त्सोन्का. गिनका येईल, तिचं कामच आहे. तू चाळीस दिवसांनंतर ये."

"दोन मिनिटं, रायना. दारातूनच बोलते."

"दारातूनही नको. तुला माहीत आहे, का ते."

मला काही माहीत नव्हतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्सोन्कानं माझा दंड धरला. ती वळली आणि घराच्या बाजूच्या गल्लीत शिरली. वर नेवेनाच्या खोलीची खिडकी होती, आणि आतून पोर रडत होती, बारीक, दमलेलं रडणं. समोरच्या अंगणातली शेजारीण मिरच्या सोलायची थांबली.

"नेवेना!" त्सोन्कानं हाक मारली. बावीस वर्षं मी या बाईला कुजबुजताना ऐकलंय, वाचनघरात दुसरा आवाज चालतच नाही. तिचा आवाज एवढा मोठा असेल असं मला वाटलं नव्हतं. "नेवेना, खिडकी उघड!"

खिडकी उघडली. नेवेनाचे डोळे सुजलेले.

"मावशी, अजून चाळीस मिनिटं आहेत, ती थांबतच नाही..."

"दे तिला. आत्ता दे. घड्याळ गेलं खड्ड्यात."

"पण पुस्तकात..."

"पुस्तक चुकीचं आहे."

"तुम्हीच म्हणालात, स्वतःसाठी घ्यायचं तर हेच."

"हो. स्वतःसाठीच घेतलं होतं." त्सोन्कानं एका हातानं भिंत धरली. "विकत घेतलं होतं, बत्तीस वर्षांपूर्वी, सातव्या महिन्यात. मला मुलगा झाला. दोन दिवस होता. त्याला तीन तासांनी पाजायचं की कसं पाजायचं, ती वेळच आली नाही माझ्यावर. म्हणून ते पुस्तक बरोबर आहे की चूक, हे मला कधी कळलं नाही. बाकी सगळी पुस्तकं मी तपासली, नेवेना. पीठ घेऊन तपासली, साल बघून तपासली. ते एक नाही तपासलं. मला ते तपासायचं नव्हतं. चूक माझी आहे. तुझ्या दुधाची नाही आणि तुझी नाही. ऐकलंस?"

शेजारणीनं हातातली मिरची खाली ठेवली. मला याचा पत्ताच नव्हता. बावीस वर्षं मी हिच्याकडे रोज कॉफी प्यायले! या गावाला गप्प बसता येत नाही असं मी नेहमी म्हणते, पण या एका गोष्टीत ते बसलं होतं.

नेवेना खिडकीतून बाजूला झाली. थोड्या वेळानं रडणं थांबलं.

"पिते आहे," आतून नेवेना म्हणाली. "मावशी, पिते आहे."

"पिऊ दे. ती सोडेल तेव्हा सोडू दे."

मग खिडकीत रायना दिसली. मिरच्या जळत टाकून वर गेली होती. तिच्या हातात कांद्यांची वेताची टोपली होती, कपडे वाळत घालायच्या दोरीला बांधलेली. तिनं ती खाली सोडली. टोपलीत निळं पुस्तक होतं.

"उंबरठ्यावरून काही जायचं नाही, यायचं नाही," रायना वरून म्हणाली. "खिडकीबद्दल कुणी काही सांगून ठेवलेलं नाही. तुझं ते दुसरं घाल टोपलीत."

त्सोन्कानं निळं काढलं, पांढरं ठेवलं. टोपली वर जाताना मी ओरडले, "एकसष्ट पान!" त्सोन्का म्हणाली, "सांगायला नको. आपलं आपण उघडतं."

परत येताना चौकापर्यंत आलो. मग मी विचारलं, कारण मला राहवेना.

"विकत घेतलं म्हणून मूल गेलं, असं म्हणाले का तेव्हा लोक?"

"एकच जण म्हणालं. 'आधीच विकत आणलंस ना, मग काय होणार!' पण एकानं म्हटलं तरी पुरतं." तिनं पुस्तक पिशवीत सरळ केलं. "रायना तेव्हा माझ्या शेजारी राहायची. तीही तरुणच होती गं, तिला तसंच शिकवलेलं. म्हणून तर तो शिक्का. पुढं कुणी कुठल्या पोरीला तसं म्हणायला नको."

मी रस्त्यातच रडले. दवाखान्याची बाई चौकात रडते, लोक बघतात, बघू देत! निळं पुस्तक मी माझ्या शेगडीत घालते म्हणाले, तर तिनं दिलं नाही. "पुस्तकाला काय कळतं? तेव्हा सगळे तेच सांगायचे," म्हणाली, आणि खणात परत ठेवलं. या खेपेला खणाला कुलूप लावलं.

शुक्रवारी काट्यावर तीन किलो वीस. तीन दिवसांत एकशे वीस ग्रॅम! मी काटा दोनदा पुसला, तिसऱ्यांदा वजन केलं. भिंतीवरचा रकान्यांचा कागद गेला होता. त्या जागी रायनानं वाळत घातलेल्या लाल मिरच्यांची माळ होती. मी म्हटलं, "बाळंतिणीच्या खोलीत मिरच्या?" रायना म्हणाली, "खिळा रिकामा बरा दिसत नव्हता. आणि तू आवाज कमी कर." डॉक्टरांना फोन केला, बाटली नको म्हणून. पुढच्या आठवड्यात पोरीनं जन्माचं वजन मागे टाकलं, आणि मग ती फुगतच गेली.

चाळिसावा दिवस आला. चर्चमध्ये पाद्र्यानं आईवर आणि बाळावर प्रार्थना म्हटली. मग बाळाची पहिली भेट. चाळिसाव्यानंतर बाळाला पहिल्यांदा ज्या घरी नेतात ते घर नीट निवडतात, आजोळ, मावशी, आत्या, जिथं लेकरंबाळं भरभरून आहेत असं. त्या घरची बाई बाळाच्या दुपट्यात अंडं ठेवते आणि म्हणते, या अंड्याएवढे पांढरे केस होईपर्यंत जग. नेवेनाची आई शेजारच्या गावात चीज भरलेली बानित्सा भाजून वाट बघत बसली होती.

मी वाचनघरात कॉफी पीत होते. दार उघडलं. नेवेना, तिच्या हातात बाळ, आणि मागे रायना, डोक्याला चर्चचा रुमाल.

"अगं, पुस्तक द्यायला आज कशाला आलीस?" त्सोन्का म्हणाली. "मुदत आहे अजून. आधी आजोळी जा."

"पुस्तक नाही आणलं," नेवेना म्हणाली. "ते मला अजून लागणार आहे. रालित्साला आणलंय. पहिल्यांदा तुमच्याकडे."

त्सोन्काला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा ती चटकन उठली, टेबलाचे खण उघडायला लागली, वरचा, मधला, परत वरचा. शिक्का, दोरा, पेन्सिली. कपाटांकडे बघितलं. वाचनघरात अंडं कुठून असणार? बत्तीस वर्षांत तिच्या दारी पहिल्या भेटीला बाळ आलेलं नव्हतं. तिनं कधी ठेवायचं, आणि कशासाठी?

"माझ्याकडे..." ती म्हणाली. "थांबा हां, मी दुकानातून..."

"गप उभी राहा," रायना म्हणाली. तिनं कोटाच्या खिशात हात घातला, रुमालात गुंडाळलेलं अंडं काढलं आणि त्सोन्काच्या तळहातावर ठेवलं. "मला माहीत होतं, तुझ्याकडे नसणार. सकाळी उचलून आणलंय, कोंबडीच्या खालून. घे. तूच दे तिला."

रायना आणखी काहीतरी म्हणणार होती, तिचे ओठ हलले, पण ते तिला जमलं नाही. त्सोन्कानं तिच्या बाहीवर हात ठेवला, तेवढंच. मग दुपट्यात अंडं ठेवलं आणि म्हणाली, "एवढे पांढरे केस होईपर्यंत जग, रालित्सा." शब्द एकही चुकला नाही.

नेवेनानं बाळ तिच्या हातात दिलं. त्सोन्कानं घेतलं ते डाव्या हातावर, मान कोपराच्या खोबणीत, उजवा हात मोकळा. अगदी बरोबर. बावीस वर्षांचा सराव होता. मला गप्प बसवेना, बसले असते तर रडले असते.

"काय गं," मी म्हटलं, "पिठापेक्षा जड आहे का?"

तिनं मान डोलावली. डोळे बाळावरून हलवले नाहीत.

"हलतेय गं, गिनका," ती म्हणाली. "पीठ कधी हललं नाही."